मावशींना काय करायचंय?

पक्षाघातातून सावरणाऱ्या मावशींना ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारते, "तुम्हाला आधी काय जमायला हवं?" उत्तर मुलगा देतो, "आईला चालता आलं पाहिजे." सून म्हणते, "त्यांनी काही करायचीच गरज नाही, आम्ही आहोत ना." मावशी म्हणतात, "तुम्ही सांगाल तसं, मॅडम." तिघांचीही तळमळ खरी आहे, पण थेरपिस्टच्या हाती अजून काहीच लागलेलं नाही.

अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. जेवणं, कपडे घालणं, स्वयंपाक, कामावर परतणं ही माणसाची रोजची कामं त्याला पुन्हा करता यावीत, हा या उपचाराचा गाभा. मग कोणतं काम आधी, हे रुग्णाखेरीज कोण सांगणार? कॅनडात 1991 मध्ये यासाठी एक मोजपट्टी आली. काम किती महत्त्वाचं, किती जमतं आणि त्यावर समाधान किती, याचे दहापैकी गुण रुग्णच देतो. आपल्याकडच्या वयस्कर माणसांना "रुपयातले किती आणे जमतं?" असं विचारलं तर उत्तर चटकन येईल.

मावशी जरा मोकळ्या झाल्या की म्हणतात, "भाकर करता आली पाहिजे." एवढ्या वाक्यावर कित्येक आठवड्यांचा सराव आखता येतो. पीठ मळताना तळहाताने जोर द्यावा लागतो, थापताना दोन्ही हात एका लयीत चालावे लागतात. परातीशी खाली बसता येतं का, की ओट्याशी उभं राहायचं? हाताला चटका कळतो का? कळत नसेल तर तव्याजवळ जाण्याआधी हात जपायला शिकवावं लागतं. सुनेलाही समजवावं लागतं, कारण अधू हात कामात घेतलाच नाही तर तो आणखी मागे पडतो.

वाळूजच्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली बोट सापडलेल्या कंत्राटी कामगाराची गोष्ट वेगळी. शिवलेली कंडरा साधारण सहा आठवडे जपावी लागते, जड कामाला तीन महिनेही लागतात. थेरपिस्टने दाखवलेली हालचाल टाळली तर बोट आखडतं, आणि घाईने जोर लावला तर टाका तुटतो. "स्प्लिंट घालता ना?" या प्रश्नाला तो "हो" म्हणणारच. "दिवसात कधी कधी काढावी लागते?" असं विचारलं, तर खाडा पडायची भीती, अंघोळ, दुचाकी हे सगळं बाहेर येतं. माझ्या मते या भेटीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच.

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की अनेकांची वाचा जाते. समज मात्र बरीच शाबूत असू शकते. अशा माणसाशी मोठ्याने बोलून उपयोग नसतो. छोटं वाक्य, चित्र, आणि उत्तरासाठी धीर हवा. दखनी बोलणाऱ्या आजोबांशी त्यांच्याच बोलीत बोलावं.

गर्दीच्या ओपीडीत वेळ कमी असतो, हे खरं. पण "कळलं ना?" ऐवजी "घरी कसं कराल, ते मला करून दाखवा" म्हणायला फार मिनिटं लागत नाहीत. जालना, बीडहून एसटीने आलेला रुग्ण पुन्हा यायला महिना लागू शकतो. तोवर चुकीचा व्यायाम चालू राहणार नाही, याची खात्री तिथेच करून घ्यावी. घरच्यांनीही पुढच्या भेटीला आपली उत्तरं थोडी मागे ठेवावीत, आणि मावशींना आधी बोलू द्यावं.