हँगर नसलेली विमानवाहू

मार्च १९४० मध्ये वेस्ट इंडीजच्या समुद्रात ब्रिटिश आणि कॅनेडियन युद्धनौकांनी ‘हॅनोव्हर’ हे जर्मन मालवाहू जहाज गाठले. ते शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जर्मन खलाशांनी त्याला आग लावली होती. ती विझवून जहाज ओढत जमैकाला नेण्यात आले. पुढे त्याचा वरचा सांगाडा कापून सपाट डेक चढवला गेला आणि जून १९४१ मध्ये ते ब्रिटिश नौदलात दाखल झाले. हीच ‘एच.एम.एस. ऑडेसिटी’, ब्रिटनची पहिली एस्कॉर्ट विमानवाहू नौका.

तिची गरज मोठी होती. बोर्डोजवळच्या तळावरून निघणारी चार इंजिनांची जर्मन ‘कॉन्डोर’ विमाने अटलांटिकवर दूरवर फिरत, व्यापारी ताफ्यांवर बॉम्ब टाकत आणि त्यांचा ठावठिकाणा पाणबुड्यांना कळवत. काही व्यापारी जहाजांवरून कॅटपल्टने एखादे हरिकेन उडवता येई. पण ते परत उतरवायला जागा नसल्याने वैमानिकाला अखेर समुद्राचाच आसरा घ्यावा लागे.

ऑडेसिटीचा डेक जेमतेम ४५० फुटांचा. हँगर नाही, विमाने खाली नेणारी लिफ्टही नाही. ८०२ स्क्वाड्रनची सहा ‘मार्टलेट’ लढाऊ विमाने रात्रंदिवस उघड्यावर, दोरांनी बांधलेली असत. खारे पाणी, वारा, पाऊस सारे त्यांच्यावरच. दुरुस्तीही तिथेच, रात्री टॉर्चचा उजेड झाकत, हलत्या डेकवर मेकॅनिक इंजिने उघडून बसत. विमाने डेकच्या मागच्या टोकाला उभी असल्यामुळे उड्डाणाच्या वेळी सर्वात पुढच्या विमानाला धावायला सर्वात कमी जागा मिळे. उड्डाण झाल्यावरही वैमानिकाला उसंत नसे. मार्टलेटची चाके हाताने दांडा फिरवून आत घ्यावी लागत, सुमारे तीस फेरे. उजवा हात दांड्यावर, डावा कंट्रोल स्टिकवर. प्रत्येक फेऱ्यागणिक विमान डोलायचे. उतरताना डेकवर उभे राहून खुणा करणाऱ्या ‘बॅट्समन’कडे पाहत, वरखाली होणाऱ्या डेकवर शेपटीचा हूक आडव्या तारेत अडकवायचा.

१४ डिसेंबर १९४१ रोजी ३२ व्यापारी जहाजांचा एच.जी. ७६ ताफा जिब्राल्टरहून ब्रिटनकडे निघाला. संरक्षक नौकांचे नेतृत्व कमांडर फ्रेडरिक जॉन वॉकर यांच्याकडे होते. १७ तारखेला ऑडेसिटीच्या विमानाने यू-१३१ ही पाणबुडी हेरली. तिच्यावर हल्ला करताना एक मार्टलेट पाडले गेले, वैमानिक ठार झाला. पण संरक्षक नौकांनी पाणबुडीला गाठून संपवले. त्यानंतर यू-४३४ आणि यू-५७४ बुडाल्या. कॉन्डोर विमानेही पाडली गेली. एरिक ब्राऊन या तरुण वैमानिकाने समोरून थेट चालून जात कॉकपिटवर गोळीबार करण्याची पद्धत याच जहाजावर वापरली.

या लढाईचे मर्म मात्र बुडवलेल्या पाणबुड्यांच्या यादीत सापडत नाही. त्या काळची पाणबुडी पृष्ठभागावर ताफ्याच्या दुपटीहून अधिक वेगाने धावे. पाण्याखाली गेली की मंदावे आणि बॅटरीही लवकर संपे. आकाशात एक विमान दिसले तरी तिला बुडी मारावी लागे, आणि ताफा पुढे निघून जाई. ऑडेसिटीची मोजकी विमाने काही तास हवेत राहिली, की तेवढा वेळ त्या पट्ट्यातल्या पाणबुड्यांचे पाय बांधले जात.

रात्री मात्र विमाने निरुपयोगी. २१ डिसेंबरच्या रात्री ऑडेसिटी ताफ्यापासून दूर, एकही संरक्षक नौका सोबत नसताना फिरत होती. एका व्यापारी जहाजाने सोडलेल्या प्रकाशबाणाच्या उजेडात ती यू-७५१ ला स्पष्ट दिसली. पाणतीरांनी तिचा वेध घेतला आणि ती बुडाली. त्याच रात्री संरक्षक नौकांनी यू-५६७ बुडवली. ताफ्यातली व्यापारी जहाजे बुडाली ती फक्त दोन. ब्राऊन वाचले; पुढे विमानवाहू नौकांवर २,४०७ वेळा विमान उतरवण्याचा विक्रम त्यांच्या नावावर नोंदला गेला.

एका व्यापारी जहाजातून साधलेली ही करामत पुढे कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर घडली. हेन्री कैसर यांच्या व्हँकुव्हर, वॉशिंग्टन येथील गोदीने जुलै १९४३ ते जुलै १९४४ या काळात अशा ५० विमानवाहू नौका अमेरिकी नौदलाच्या हवाली केल्या. ब्रिटनला अमेरिकेकडून मिळालेल्या काही एस्कॉर्ट नौकांना ‘बेगम’, ‘राणी’, ‘राजा’, ‘अमीर’ अशी नावे दिली गेली, आणि त्यांतल्या काही हिंदी महासागरातही लढल्या. मिडवेसारख्या लढायांमुळे मोठ्या विमानवाहू नौका घराघरांत पोहोचल्या. पण ब्रिटनचे धान्य, तेल आणि दारूगोळा अटलांटिकपार सुखरूप नेण्याच्या लढ्यात या लहान, स्वस्त नौकांचा वाटा मोलाचा होता. त्या इतिहासाचे पहिले पान ऑडेसिटीच्या वैमानिकांइतकेच तिच्या उघड्या डेकवर राबणाऱ्या मेकॅनिकांचे आहे.