फेसावरून माप निघत नाही

रिठा पाण्यात चोळला की फेस येतो, आणि फेस आला की मळ निघणार, हा आपला घरचा हिशेब. न्हाणीघरात तो चालतो. जिवाणूंनी पाण्यात सोडलेले साबणासारखे पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट, मोजताना मात्र तोच हिशेब फसवतो.

गैरसमज : फ्लास्क फेसाळला, म्हणजे सर्फॅक्टंट भरपूर.
प्रथिनेही फेस धरतात. पेप्टोन घातलेले माध्यम जिवाणू न सोडता हलवले तरी फेसाळते. म्हणून कोऱ्या माध्यमाचा फ्लास्क शेजारी हवाच.

गैरसमज : पृष्ठताण जितका कमी, तितके सर्फॅक्टंट जास्त.
सगळ्यांत चिवट गैरसमज हा. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. बॅसिलस सबटिलिसचे सर्फॅक्टिन तो 27 च्या आसपास आणते आणि तिथेच थांबते. पृष्ठभागावर रेणूंची दाटी झाली की उरलेले रेणू पाण्यातच एकमेकांना बिलगून गोळके करतात. या गोळक्यांना मिसेल म्हणतात. मिसेल बनू लागतात त्या मर्यादेच्या दुप्पट माल असो की पन्नासपट, आकडा जवळपास तोच! तेव्हा द्रव पातळ करत जायचे आणि कितव्या पटीला पृष्ठताण वर उसळतो ते पाहायचे. त्यातही मेख आहे. नुसते पाणी ओतले तर क्षारही विरळ होतात, सामूही सरकू शकतो आणि मिसेलची मर्यादाच हलते. पातळ करायला तेच क्षार आणि तोच सामू असलेला द्रव घ्यावा. मोजणारी प्लॅटिनमची कडी दर वेळी ज्योतीत तापवून घ्यावी. बोटाचा तेलकटपणासुद्धा आकडा बिघडवतो.

गैरसमज : रॉकेल छान मिसळले, मग पृष्ठताणही उतरला असणार.
रॉकेल आणि द्रव समान घेऊन जोरात हलवायचे आणि 24 तासांनी पायसाचा, म्हणजे तेल-पाण्याच्या मिश्रणाचा, थर मोजायचा, ही चाचणी स्वस्त म्हणून लाडकी. पण असिनेटोबॅक्टरचे इमल्सान तेलाचे थेंब उत्तम धरून ठेवते आणि पृष्ठताण मात्र फारसा उतरवत नाही. ही दोन कामे वेगळी आहेत.

गैरसमज : रंगचाचणीचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द.
स्यूडोमोनास एरुजिनोसाच्या ऱ्हॅम्नोलिपिडसाठी ऑर्सिनॉल वापरतात. गंधकाम्लात तापवल्यावर ऱ्हॅम्नोज ही साखर सुटते, रंग येतो आणि तो 421 नॅनोमीटरला वाचतात. म्हणजे मोजली जाते साखर. सर्फॅक्टंट किती, ते गुणाकाराने काढतात. घोळ तिथेच होतो. एक ऱ्हॅम्नोज असलेल्या नेहमीच्या रेणूचा रेणुभार 504, साखरेचा 164, म्हणून गुणक सुमारे 3. दोन ऱ्हॅम्नोज असतील तर रेणुभार 650 आणि गुणक जेमतेम 2. नमुन्यात दुसरा प्रकारच जास्त असताना डोळे झाकून 3 ने गुणले, तर उत्पादन दीडपट दिसते. माध्यमात उरलेले ग्लुकोजही रंगात भर घालते. आधी आम्ल घालून इथाइल ॲसिटेटने अर्क काढला तर ग्लुकोज पाण्यात मागे राहते. पण जिवाणूंना वाढीसाठी खाद्यतेल दिले असेल, तर उरलेले तेलही त्याच अर्कात उतरते, आणि अर्क वाळवून नुसता तोलणाऱ्याच्या काट्यावर तेही सर्फॅक्टंट म्हणून चढते.

द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमानमापी जोडून हे प्रकार वेगवेगळे करून मोजता येतात. यंत्र महाग आहे. ते परवडत नसेल, तर निदान अहवालात ‘ग्रॅम प्रति लिटर’ लिहिताना पद्धत आणि गुणक शेजारी लिहा.