शेतात हातगाडी ढकलावी की ओढावी? विकत घेण्याआधी चाक, हँडल आणि वजनाचं गणित समजून घ्या

डिजिटल डेस्क, परभणी : युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० किलोचं. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की पाठीवर १६ किलो पाणी आणि वर पंपाचं वजन. कापूस वेचणीच्या दिवसांत ओट्यातला कापूस गाठोड्यात जातो आणि गाठोडं डोक्यावरून बांधापर्यंत येतं. बैलजोडी ठेवणं अनेकांना परवडत नाही आणि ट्रॅक्टर उभ्या पिकात शिरत नाही. मग उरतो माणूस आणि त्याची पाठ.

म्हणूनच चालत न्यायच्या चाकाच्या गाडीकडे अनेक जण वळतात. कुणी बाजारातून तयार गाडी आणतो, कुणी गावातल्या वेल्डरकडून बनवून घेतो. पण चुकीची गाडी घेतली तर ती महिनाभरात गोठ्याच्या कोपऱ्यात पडते. गाडी घेताना नेमकं काय पाहायचं? जाणून घेऊ.

पहिला प्रश्न : ढकलायची की ओढायची?

उत्तर जमिनीवर अवलंबून आहे. समजा गाडी आणि माल मिळून ६० किलो वजन आहे आणि हँडलचा दांडा जमिनीशी ३० अंशांचा कोन करतो. आपण ओढतो तेव्हा जोराचा काही भाग गाडीला वर उचलतो, त्यामुळे चाकावरचा भार थोडा कमी होतो. ढकलताना उलट होतं. जोराचा काही भाग गाडीला जमिनीत दाबतो.

डांबरी रस्त्यावर याने काहीच बिघडत नाही. चाकाचा अडथळा वजनाच्या २ टक्के धरला तर ओढायला आणि ढकलायला दोन्हीकडे साधारण १.४ किलोचा जोर लागतो. नांगरलेल्या भुसभुशीत रानात मात्र हा अडथळा २० टक्के धरला तर ओढायला सुमारे १२.४ किलो आणि ढकलायला सुमारे १५.७ किलो जोर लागतो. म्हणजे ढकलणं जवळपास सव्वापट जड. टक्के जमिनीप्रमाणे बदलतील, पण कल हाच राहील.

मग कायम ओढावीच का? तसंही नाही. ओढताना हात मागे ताणला जातो, कंबरेला पीळ बसतो आणि गाडी टाचेवर येते. ढकलताना दोन्ही हात समान लागतात, अंगाचं वजन कामी येतं आणि माल डोळ्यासमोर राहतो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणारे तज्ज्ञ म्हणूनच सपाट, कडक जागेवर ढकलण्याला पसंती देतात.

थोडक्यात : गाडीवाट, खळं, गोठा, अडत बाजार इथे ढकला. भुसभुशीत रानात ओढा. दोघे असाल तर एकाने पुढून दोरीने ओढावं, दुसऱ्याने मागून ढकलावं.

गोल्फवाल्यांनाही हाच प्रश्न पडला होता

गोल्फचा खेळाडू १८ होलच्या एका फेरीत साधारण ८ ते १० किलोमीटर चालतो. नियमाने १४ पर्यंत काठ्या नेता येतात. बॅगेचं वजन १० ते १५ किलोपर्यंत जातं. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मैदानांवर हे ओझं बहुतेक वेळा कॅडी वाहतो. परदेशात खेळाडू स्वतःच गाडी नेतात. तिथे आधी दोन चाकांची, मागे ओढायची गाडी होती. नंतर तीन चाकांची, पुढे ढकलायची गाडी लोकप्रिय झाली, कारण खांदा आणि कंबर कमी दुखते.

अमेरिकेत डेन्व्हरला नील वोल्कोडॉफ यांनी २००८ च्या सुमारास केलेली एक छोटी चाचणी रंजक आहे. ९ होल खेळताना बॅग खांद्यावर घेणाऱ्यांच्या सुमारे ७२० कॅलरी खर्च झाल्या, गाडी ढकलणाऱ्यांच्याही जवळपास तेवढ्याच. पण गाडीवाल्यांचा खेळ चांगला झाला. खेळाडू मोजकेच होते, त्यामुळे हा अंतिम निष्कर्ष नाही. पण मुद्दा शेतकऱ्याला पटेल असा आहे : घाम तेवढाच गळाला तरी खांदा मोकळा असेल तर काम नीट होतं.

मात्र त्यांची जमीन कापलेल्या गवताची, आपली काळी कसदार. गोल्फच्या गाडीसारखी लहान चाकं इथे चालणार नाहीत.

चाक मोठं घ्या, कारण…

वाटेत ५ सेंटीमीटर उंचीचं ढेकूळ आलं असं समजा. चाकाचा व्यास २० सेंटीमीटर असेल तर ते ओलांडायला त्या चाकावरच्या भाराच्या सुमारे १.७ पट जोर लागतो. व्यास ६० सेंटीमीटर असेल तर ०.६६ पट पुरतो. म्हणजे लहान चाकाला अडीच पटीहून जास्त जोर. म्हणूनच सायकलचं चाक शेतात चालतं आणि ट्रॉली बॅगेचं चाक अडतं.

पण सायकलचं चाक अरुंद असतं. ओल्या काळ्या मातीत ते रुततं. जड माल न्यायचा असेल तर मोपेड किंवा स्कूटरचं रुंद टायर बरं. आणखी दोन गोष्टी पाहा :

• चाक आणि मडगार्ड किंवा चौकट यांच्यात किमान तीन-चार बोटांची जागा हवी. नाहीतर चिखल अडकून चाक फिरायचं थांबतं.

• बांधावर बाभळी असतील तर ट्यूबचं टायर सारखं पंक्चर होईल. भरीव रबराचं चाक जड असतं, हादरे जास्त देतं, पण काट्याला दाद देत नाही.

पाऊस पडून गेल्यावर वाफसा येईपर्यंत भरलेली गाडी रानात घालूच नका. कोणतंही चाक तिथे उपयोगाचं नाही.

एक चाक की दोन?

सोयाबीनच्या दोन ओळींत साधारण ४५ सेंटीमीटर अंतर असतं. तिथे आणि अरुंद बांधावर एकचाकीच जाते. कापसाच्या ९० ते १२० सेंटीमीटरच्या ओळीत, झाडं पसरण्याआधी, अरुंद दुचाकी गाडी चालू शकते.

एकचाकी गाडीत हातावर किती वजन येतं, हे माल कुठे ठेवला त्यावर ठरतं. माल चाकाच्या आसापासून ४० सेंटीमीटरवर आणि हँडल १२० सेंटीमीटरवर असेल तर ६० किलोपैकी २० किलो हातावर येतं. तोच माल पुढे सरकवून २० सेंटीमीटरवर आणला तर १० किलोच. दुचाकी गाडीत माल बरोबर आसावर ठेवला तर हातावर जवळपास काहीच येत नाही. वेल्डरला सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच : पेटी चाकाच्या जितकी जवळ, तितका हात हलका.

सायकल कोळपं : ढकलण्याचा तोटा जिथे फायदा होतो

जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलच्या भागांपासून कोळपं बनवलं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली. आज मराठवाड्यातही अशी सायकल कोळपी दिसतात. ढकलताना जोर खाली दाबतो, हा गाडीतला दोष इथे गुण ठरतो. त्या दाबामुळे पास जमिनीत टिकते आणि तण कापलं जातं. पण हँडल फार उभं ठेवलं तर चाकच रुतेल. म्हणून हँडलची उंची बदलता येणारं कोळपं घ्या. त्यावर पेटी बसवून मालाची गाडी करू नका. दोन्ही कामांची गरज वेगळी आहे.

हँडल कुणाच्या मापाचं?

बाजारातलं हँडल बहुधा पुरुषाच्या उंचीचं असतं, गाडी मात्र घरातल्या बाईलाही न्यावी लागते. हँडल कंबर आणि कोपर यांच्या मधल्या उंचीवर यावं. गाडी जो चालवणार, त्याला किंवा तिला दुकानात सोबत न्या. भरलेल्या पोत्यासह वीस पावलं चालवून पाहा.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२) बैलचलित अवजारांवर आणि शेतकरी महिलांचे श्रम कमी करणाऱ्या साधनांवर काम होतं. वेल्डरकडे जाण्याआधी तिथे एक चक्कर मारणं फायद्याचं.

पैसे देण्याआधी तपासा

• चाक उचलून फिरवा. ते सहज फिरायला हवं, डुगडुगायला नको.

• चाकात बॉल बेअरिंग आहे का, ते तालुक्याच्या गावी मिळतं का, हे विचारा.

• जोड सलग वेल्ड केलेले हवेत, नुसते टाके मारलेले नकोत.

• कालव्याच्या भरावावरून उतरताना गाडी पाठीमागे ठेवू नका. ती पुढे ठेवून मागे धरत उतरा. भराव चढायला दोघे लागा.

• अनुदान हवं असेल तर तुमचं अवजार महाडीबीटीच्या यादीत आहे का, ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. पूर्वसंमती येण्याआधी केलेल्या खरेदीवर अनुदान मिळत नाही.

मग कोणती घ्यावी?

गोठ्यातून उकिरड्यापर्यंत शेण न्यायचं असेल तर एकचाकी ढकलगाडी. घरापासून शेतापर्यंत खत-बियाणं न्यायचं असेल तर मोठ्या चाकांची दुचाकी, जिचा दांडा ढकलायला आणि ओढायला दोन्हीला चालेल. ओळीतल्या तणासाठी सायकल कोळपं. एकच घेता येणार असेल तर दुचाकी घ्या. वर्षातले जास्तीत जास्त दिवस तीच कामी येईल.