डॉक्टरांना डॉक्टरांचा आधार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दीर्घकाळ न आवरलेल्या कामाच्या ताणातून येणारा थकवा, कामाविषयीचा कडवटपणा आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना, या तिन्हींना मिळून बर्नआउट म्हणतात. हा मनाचा कच्चेपणा आहे, अशी समजूत वैद्यकीय व्यवसायातही आढळते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत त्याची गणना आजारांत न करता कामाशी निगडित बाब म्हणून केली आहे.

त्यावर योजलेला सहकाऱ्यांचा आधार म्हणजे छुपा मानसोपचार, हा दुसरा गैरसमज होय. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात डॉ. जो शापिरो यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या केंद्रात प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतो. तो निदान करत नाही, आणि गरज दिसल्यास तज्ज्ञाकडे जाण्याचा मार्ग दाखवतो.

सर्वांत चिवट गैरसमज गोपनीयतेविषयीचा आहे. बोललेले वरिष्ठांपर्यंत किंवा परवाना देणाऱ्या मंडळापर्यंत पोहोचेल, ही भीती निराधार नाही, आणि म्हणूनच अशा उपक्रमांत संभाषणाची टिपणे सहसा ठेवली जात नाहीत, तसेच चुकीच्या उपचाराच्या वैद्यकीय तपशिलात न शिरता बोलणे डॉक्टरच्या मनःस्थितीपुरते ठेवले जाते, कारण खटला उभा राहिल्यास ऐकणाऱ्यालाही साक्षीला बोलावले जाऊ शकते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने तर २०२० मध्ये कायदा करून अशा संभाषणांना संरक्षण दिले. ही गोपनीयता अमर्याद मात्र नसते. स्वतःच्या किंवा रुग्णाच्या जिवाला धोका असल्यास ती बाजूला ठेवावी लागते, आणि ही मर्यादा आरंभीच सांगणे हाच प्रामाणिकपणा ठरतो.

ज्याला गरज असेल तो आपणहून येईल, हे गृहीतकही टिकत नाही. बॉस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८८ टक्क्यांनी आधारासाठी सहकारी डॉक्टरांना पसंती दिली, तर मानसोपचार तज्ज्ञांना ४८ टक्क्यांनी. पण अडथळ्यांमध्ये गोपनीयतेच्या शंकेचा उल्लेख ६८ टक्क्यांनी केला असताना वेळ नसल्याचे कारण ८९ टक्क्यांनी दिले. म्हणूनच ब्रिगहॅमच्या पद्धतीत रुग्णाच्या बाबतीत काही विपरीत घडल्यावर संबंधित डॉक्टरच्या फोनची वाट न पाहता सहकारीच त्याच्याशी संपर्क साधतो. अर्थात, या संभाषणाने ड्यूटीचे तास कमी होत नाहीत. ते काम रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडेच उरते.