गोधडीतली सरकी आणि गोधडीचे वय

अमेरिकेतली जुनी गोधडी, म्हणजे तिकडचे क्विल्ट, उजेडासमोर धरली की आतल्या कापसात काळपट ठिपके दिसतात. ही सरकीची टरफले. ती दिसली की गोधडी 1793 च्या आधीची, कारण एली व्हिटनीचे सरकी काढणारे यंत्र त्या वर्षीचे, असे छातीठोकपणे सांगितले जाते. हा समज दोन्ही बाजूंनी खोटा आहे.

यंत्रातून निघालेली रुई निखळ नसते. व्हिटनीच्या यंत्राचे दाते फटींतून तंतू ओढून घेतात. अख्खी सरकी मागे राहते, पण फुटलेल्या सरकीचे कण आणि पाल्याचा चुरा रुईबरोबर पुढे येतो. विदर्भ-खानदेशातल्या कुठल्याही जिनिंगमध्ये आजही हे दिसेल. गोधडीत भरायला स्वस्तातला कापूसही चाले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या गोधड्यांतही सरकी सापडते. बार्बरा ब्रॅकमन यांच्या 1989 च्या ‘क्लूज इन द कॅलिको’ या ग्रंथानंतर तरी हा दावा टिकायला नको होता.

शिवाय व्हिटनीपूर्वी सगळी सरकी हातानेच काढत, हे गृहीतकच चूक. भारतात लाटांचा रेचा, म्हणजे सरकी काढायचे साधन, कित्येक शतके चालत आला. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत एका लाटेने सरकी काढताना दाखवले आहे. व्हिटनीने सोडवला तो आखूड धाग्याच्या, सरकीला घट्ट चिकटलेल्या कापसाचा प्रश्न.

वय ठरते कापडावरून. मागाहून लावलेली ठिगळे वगळली, तर गोधडी तिच्यातल्या सर्वांत नव्या तुकड्याहून जुनी असू शकत नाही. कोळशाच्या डांबरापासून केलेला कृत्रिम रंग त्यात असेल, तर ती 1856 च्या आधीची नाही. उलट जुने कापड काहीच सिद्ध करत नाही, कारण चिंध्या पेटीत वर्षानुवर्षे पडून राहतात. अतिनील दिव्याखाली पांढरा भाग निळसर चमकला म्हणजे गोधडी नवी, हेही खरे नाही. शंभर वर्षांची गोधडी आजच्या डिटर्जंटने एकदा धुतली तरी चमकते.

हातशिलाई म्हणजे शिवणयंत्रापूर्वीची? नाही, हाताने टाके घालणे कधी थांबलेच नाही. भरतकामातले साल कधी जन्माचे, कधी लग्नाचे असते. वयाशी संबंध नसलेला असाच आणखी एक समज म्हणजे पळून जाणाऱ्या गुलामांना गोधडीच्या नक्षीतून खुणा मिळत. ही कथा 1999 च्या एका पुस्तकाने पसरवली. तिला समकालीन पुरावा नाही.

गोधडी कोणाची, हे मात्र कापड सांगत नाही. तिथे मृत्युपत्रे, जनगणनेच्या नोंदी आणि गोधडीबरोबर आलेली चिठ्ठी कामी येते. जॉर्जियात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांची बायबल गोधडी जेनी स्मिथ यांनी पाच डॉलरला घेतली आणि प्रत्येक चौकोनाचा अर्थ त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवला. गोधडी आता स्मिथसोनियनमध्ये आहे, आणि तिच्या चित्रांचा अर्थ सांगताना अभ्यासकांचा आधार आजही तेच टिपण आहे.