टर्मिनलवरील मराठी तक्ते : रकान्यांच्या मांडणीचा प्रश्न

प्रस्तावना

नावे व आकडे तक्त्यात मांडून दाखविणे हे संगणकाच्या प्रात्यक्षिकातील नेहमीचे काम आहे. रोमन लिपीत ते सहज साधते. तोच तक्ता मराठीत काढला की रकाने वाकडे होतात आणि ‘नावे इंग्रजीतच लिहा’ हा सोपा मार्ग सुचविला जातो. वस्तुतः दोष लिपीचा नसून मोजमापाचा आहे. ठाणे-कल्याण लोहमार्गावरील स्थानकांच्या नावांच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

समस्येचे स्वरूप

टर्मिनलचा पडदा समान रुंदीच्या घरांचा बनलेला असतो. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर एका ओळीत ८० घरे असत. आजचे टर्मिनल प्रोग्रामही त्याच कल्पनेवर चालतात. ‘एक वर्ण म्हणजे एक घर’ हे गृहीतक रोमन लिपीस लागू पडते. युनिकोडमध्ये मात्र व्यंजन, मात्रा, अनुस्वार व हलन्त यांना स्वतंत्र संकेत असून यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतास ३ बाइट लागतात.

तक्ता क्र. १

| नाव | अक्षरे | संकेत | बाइट | घरे |
|---|---|---|---|---|
| दिवा | २ | ४ | १२ | ४ |
| ठाणे | २ | ४ | १२ | ३ |
| मुंब्रा | २ | ७ | २१ | ४ |
| डोंबिवली | ४ | ८ | २४ | ७ |

(काना, वेलांटी व ओकार यांस एक घर, एकार, उकार, अनुस्वार व हलन्त यांस शून्य घर, या अनेक टर्मिनलांतील नियमानुसार.)

‘सी’ भाषेतील प्रिंटएफ रुंदी बाइटमध्ये मोजते. रकाना १२ चा ठरविल्यास वरीलपैकी एकाही नावापुढे रिक्त जागा सुटत नाही व आकडा नावाला चिकटतो. पायथॉन संकेत मोजते. त्यामुळे दिव्याचा आकडा योग्य जागी येतो. ठाणे व डोंबिवली यांचा एक घर, तर मुंब्र्याचा तीन घरे डावीकडे सरकतो.

अक्षराची व्याख्याही स्थिर राहिलेली नाही. ‘कल्याण’मधील ‘ल्या’ हे एकच अक्षर मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. साहजिकच सर्व टर्मिनले या अक्षरास सारखी रुंदी देतीलच असे नाही.

उपाययोजना

१) लांबीऐवजी दर्शनी रुंदी मोजावी. ‘सी’मध्ये त्यासाठी डब्ल्यूसीएसविड्थ हे फलन आहे, पायथॉनसाठी डब्ल्यूसीविड्थ हे ग्रंथालय मिळते. प्रथम प्रत्येक रकान्यातील सर्वाधिक रुंदी शोधावी, नंतर फरकाइतक्या रिक्त जागा भराव्यात.

२) टर्मिनलचे गणित निराळे असण्याची शक्यता असल्यास कर्सर थेट विशिष्ट घरावर नेणारी आज्ञा वापरावी. मात्र ही युक्ती केवळ पडद्यापुरती आहे. फाइलमध्ये ती उपयोगी पडत नाही.

३) आकड्यांचे रकाने आधी, उजवीकडे जुळवून द्यावेत व मराठी नाव शेवटी ठेवावे. नावाच्या रुंदीत चूक झाली तरी पुढे सरकण्यासारखे काही उरत नाही. सर्वांत साधा व खात्रीचा उपाय हाच.

४) स्वल्पविरामांकडे लक्ष द्यावे. २०११ च्या जनगणनेतील ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या आपण १८,४१,४८८ अशी लिहितो. पायथॉनची स्वल्पविरामाची अंगभूत सोय ती १,८४१,४८८ अशी छापते.

निष्कर्ष

गुणपत्रकात एक रकाना सरकला तर एका विषयाचे गुण दुसऱ्या विषयाखाली वाचले जाऊ शकतात. म्हणून हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. बाइट, संकेत, अक्षर आणि घर या चार मापांतील भेद प्रात्यक्षिकातच शिकविल्यास विद्यार्थ्याला मराठी टाळावी लागणार नाही, आणि लिपीच्या रचनेचाही त्याला नव्याने परिचय होईल.