वृक्षवासी गोगलगाय आणि शिक्रा : एक तुलना

तुलना करताना दोन्ही बाजूंना लागू पडणारा एक निकष आधी ठरवावा लागतो. लहान-मोठा, संथ-वेगवान हे भेद वरवर पाहताही दिसतात. येथे आपण नामशेष झालेली एक गोगलगाय आणि परिचयाचा शिक्रा यांना एकच प्रश्न विचारू : परिस्थिती बदलल्यास टिकून राहण्याची साधने कोणापाशी किती आहेत?

सटाणा परिसरात आरम नदीकाठच्या बाभळीवर किंवा बांधावरील कडुनिंबावर बसलेला शिक्रा तुम्ही पाहिला असेल. सरडे, उंदीर, बेडूक, लहान पक्षी, मोठे कीटक यांपैकी मिळेल ते तो खातो. मादी एका विणीत साधारणतः ३-४ अंडी घालते. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत त्याचा वावर आहे. त्यामुळे एका ठिकाणची झाडे तुटली, तरी साऱ्या जातीवर गदा येत नाही.

याउलट 'अकॅटिनेला अपेक्सफुल्व्हा' ही गोगलगाय हवाई द्वीपसमूहातील ओआहू या एकाच बेटावर राहत असे. पानांवरील सूक्ष्म बुरशी हे तिचे अन्न. तिची वाढ मंद होती आणि एका वेळी एकच पिल्लू जन्मे. शंखांचे संग्राहक व उंदीर यांनी तिची संख्या घटवली. पुढे, उपद्रवी आफ्रिकन गोगलगायींच्या बंदोबस्तासाठी १९५५ मध्ये हवाईत मांसाहारी गोगलगाय आणली गेली. तिने स्थानिक गोगलगायीच फस्त केल्या. १९९७ मध्ये उरलेल्या १० गोगलगायी हवाई विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणल्या गेल्या. त्यांच्या वंशातील शेवटचा जीव 'जॉर्ज' १ जानेवारी २०१९ रोजी मरण पावला.

यावरून शिक्रा श्रेष्ठ आणि गोगलगाय दुबळी ठरते का? नाही. गोगलगाय आपल्या बेटाशी पूर्णपणे जुळलेली होती. ते बेटच माणसाने बदलले. शिवाय 'सर्वत्र आढळणे' म्हणजे अभय नव्हे. गिधाडे एकेकाळी गावोगावी दिसत. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले, मूत्रपिंडे निकामी झाली आणि काही वर्षांतच त्यांचे थवे दिसेनासे झाले. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर मोठी हानी झाली होती. म्हणून 'सामान्य' हा शब्द आजची स्थिती सांगतो, उद्याची हमी देत नाही.

स्वाध्याय : तुमच्या गावात पूर्वी सर्रास दिसणारा, आता विरळ झालेला एक जीव वडीलधाऱ्यांना विचारून निवडा. आजही विपुल असलेल्या जीवाशी त्याची एकाच निकषावर १० ओळींत तुलना करा.